टक घराण्याची शुभेच्छाकार्डे

रोश हाशाना जवळ आला की पोस्टमनची वाट पाहायचे दिवस आपल्या पिढीला आठवत असतील. इस्राएलहून ‘शाना तोवा’चे कार्ड आले की ते घरभर फिरून मग पेटीत जाई. शुभेच्छाकार्डांच्या धंद्यात जगभर नाव कमावलेले एक यहुदी घराणे लंडनमध्ये होऊन गेले, ते टक यांचे.

राफाएल टक हे प्रशियातल्या कोशमिन गावचे, जन्म १८२१ चा. पत्नी अर्नेस्टीन आणि सात मुलाबाळांसह ते लंडनला आले आणि १८६६ मध्ये त्यांनी चित्रे व चौकटी विकायचे लहानसे दुकान घातले. अर्नेस्टीनबाई दुकान सांभाळत. हर्मन, अडॉल्फ आणि गुस्ताव हे मुलगे पुढे धंद्यात आले. आठवड्यात ज्याची विक्री जास्त, त्याला न्याहारीला मोठे अंडे, असा घरचा नियम होता म्हणतात. धंदा कसा वाढला हे मला तरी त्या अंड्यावरूनच कळते.

१८७१ मध्ये त्यांनी नाताळची कार्डे काढली. सण ख्रिस्ती लोकांचा, छापणारे यहुदी! पण आपले शनवार तेलीही कोकणात साऱ्या गावासाठी तेल गाळत होतेच. १८८० साली टकांनी कार्डांच्या चित्रांची स्पर्धा भरवली, बक्षिसे ५०० गिनींची. पाच हजारांवर चित्रे आली. १८९३ मध्ये व्हिक्टोरिया राणीकडून राजमान्यता मिळाली. राफाएल १९०० साली वारले. अडॉल्फ १९१० मध्ये ‘सर’ झाले.

गुस्ताव यांचा ओढा समाजकार्याकडे. इंग्लंडच्या यहुदी इतिहास मंडळाचे ते अध्यक्ष होते. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजातील मोकाटा ग्रंथालयाला त्यांनी सढळ हाताने मदत केली. तिथल्या व्याख्यानगृहाला आजही त्यांचे नाव आहे.

१९४० मध्ये जर्मन बॉम्बहल्ल्यांत ते ग्रंथालय जळाले. त्याच वर्षी २९ डिसेंबरच्या रात्री मूरफील्ड्समधले ‘राफाएल हाउस’ही गेले आणि सुमारे ४० हजार मूळ चित्रे व छायाचित्रे खाक झाली. लोकांनी एकमेकांना पाठवलेली कार्डे मात्र घरोघरच्या अल्बमांत राहिली. त्यांत मुंबईची चित्रेही आहेत.

तेव्हा जुनी पेटी उघडाल तर कार्डाची पाठ जरूर पाहा. चित्र टेकवायचा तिपाई स्टँड आणि रंगांची पाटी अशी त्यांची खूण दिसली, तर ते कार्ड नातवंडांना दाखवा.