म्हैसूरची आकाशवाणी आणि बॅटरीविना चालणारी यंत्रे

प्रकाश, उष्णता, कंपने आणि रेडिओलहरी यांतून वीज वेचून एखादा संवेदक बॅटरीविना चालवल्याचे वृत्त आले की त्याला हमखास नवलाईचा सूर लागतो. ही कल्पना मात्र शतकाहून जुनी आहे, आणि तिचे मर्म समजून घेण्यासाठी म्हैसूर हे सोयीचे ठिकाण आहे.

१० सप्टेंबर १९३५ रोजी महाराजा कॉलेजातील मानसशास्त्राचे प्राध्यापक एम. व्ही. गोपालस्वामी यांनी म्हैसुरातील आपल्या राहत्या घरातून एक खासगी नभोवाणी केंद्र सुरू केले. त्याचे नाव 'आकाशवाणी'. पुढे देशाच्या नभोवाणीने हेच नाव स्वीकारले. (भौतिकशास्त्रज्ञांच्या आधी मानसशास्त्रज्ञाने हे करावे, याची आम्हाला थोडी असूया वाटते!) प्रक्षेपकाची शक्ती जेमतेम घरातल्या पिवळ्या बल्बाएवढी होती.

अशा केंद्राच्या आसपास ऐकण्याचे सर्वांत स्वस्त साधन म्हणजे त्या काळी जगभर परिचित असलेला क्रिस्टल संच. लांब तारेची एरियल, तांब्याच्या तारेचे वेटोळे, गॅलिनाचा खडा, त्यावर अलगद टेकवलेली बारीक तार आणि हेडफोन, बस्स. बॅटरी नाही, विजेची जोडणी नाही. हेडफोनचा पडदा हलवणारी सारी ऊर्जा खुद्द लहरीतूनच येई. गॅलिनाच्या संवेदकासाठी जगदीशचंद्र बोस यांनी १९०१ साली अमेरिकेत अर्ज केला होता. पेटंट १९०४ मध्ये मिळाले. आजच्या रेडिओऊर्जा वेचणाऱ्या परिपथात खड्याच्या जागी शॉट्की डायोड असतो, मांडणी मात्र जवळपास तीच.

मग हा संच मागे का पडला? घरातल्या सर्वांना एकत्र ऐकायचे होते. त्यासाठी लाउडस्पीकर हवा, आणि लाउडस्पीकरसाठी निर्वात नळ्या. नळीचा तापलेला तंतूच कित्येक वॉट खाई; एरियलवर उतरत होते ते मायक्रोवॉट. भोवतालची ऊर्जा घटली नव्हती, उपकरणाची भूक वाढली होती. ऊर्जासंकलनाचा पुढचा सारा इतिहास ही भूक पुन्हा उतरण्याचा आहे. १९४७ मध्ये ट्रान्झिस्टर आला, १९५४ मध्ये बेल प्रयोगशाळेने सुमारे ६ टक्के कार्यक्षमतेचा सिलिकॉन सौरघट दाखवला, आणि १९७०च्या दशकाच्या अखेरीस खोलीतल्या दिव्यावर चालणारे कॅल्क्युलेटर आले. तो घट काही फार सुधारलेला नव्हता. कॅल्क्युलेटरची गरज मायक्रोवॉटवर आली होती.

आज अनेक स्रोत एकत्र जोडण्याचे प्रयत्न चालतात, कारण दिवा विझला तरी यंत्र थरथरत असते आणि यंत्र थांबले तरी शरीर उबदार असते. पण ही बेरीज दिसते तितकी सोपी नाही. सौरघट सुमारे अर्धा व्होल्ट देतो, अंगावरचा उष्णताविद्युत घटक काही दशक मिलिव्होल्टच, तर दाबविद्युत स्फटिक कित्येक व्होल्टचा प्रत्यावर्ती दाब. प्रत्येकाला स्वतंत्र परिपथ लागतो आणि तो परिपथ स्वतःचा वाटा आधी घेतो. म्हणून 'चार स्रोतांवर चालते' असे वाचले की मी प्रथम व्यवस्थापनाचा खर्च शोधतो. बातमीत तो क्वचितच असतो.

विद्यार्थ्यांनी कागदावर एक हिशेब करून पाहावा. घरातल्या प्रकाशात चौरस सेंटिमीटरला साधारण १० मायक्रोवॉट हाती लागतात. संदेश पाठवताना रेडिओला ३० मिलिवॉट, पण केवळ १० मिलिसेकंद लागले, तर खर्च ३०० मायक्रोज्यूल. म्हणजे एक चौरस सेंटिमीटरचा घट अर्धा मिनिट ऊर्जा साठवील आणि संवेदक एकदा बोलेल. गळती आणि परिपथाचा वाटा धरला, तर मिनिटाला एकदा.