मांडीवरची गिटार आणि नगरकडचे दोन सूर

नगर जिल्ह्याचें नांव काढलें म्हणजे भुईकोट किल्ला, चांदबिबी, नेवाशाचा खांब आणि अलीकडचे साखरेचे कारखाने एवढें डोळ्यांपुढें उभें राहतें. अमेरिकेंतील जाझ संगीताचा आणि हवाई बेटांतील गिटारीचा या कोरड्या मुलखाशीं कांहीं संबंध आहे असें कोणी म्हटलें, तर वाचक प्रथम लेखकाच्या प्रकृतीची चौकशी करतील. तथापि संबंध आहे, आणि तो एका नव्हे, दोन ठिकाणीं आहे. जिल्ह्याचें नांव आतां अहिल्यानगर झालें आहे. पण ही हकीगत जुन्या नांवाच्या काळांतील असल्यामुळें येथें जुनेंच नांव चालवितों.

प्रथम वाद्याची ओळख करून घेऊं. नेहमींची गिटार छातीशीं धरितात आणि डाव्या हाताच्या बोटांनीं तारा पडद्यांवर दाबून स्वर काढितात. हवाईयन गिटार मांडीवर उताणी ठेवितात. तिच्या तारा पडद्यांपासून उंच उचललेल्या असतात. डाव्या हातांत पोलादाची गुळगुळीत कांडी असते, आणि ती तारांवरून नुसती सरकवावयाची. पडदे केवळ जागा दाखविण्यापुरते. त्यामुळें एका स्वरावरून दुसऱ्यावर जातांना मधली सारी वाट ऐकूं येते. आपण हिलाच मींड म्हणतों. आपली विचित्रवीणा आणि दक्षिणेंतील गोटुवाद्यम् हीं वाद्यें याच युक्तीवर चालतात. हवाईंत ही युक्ति जोसेफ केकुकू या शाळकरी मुलानें १८८५ ते १८९० च्या दरम्यान रूढ केली असें बहुधा मानितात. परंतु तेथीलच संगीतकार चार्ल्स किंग यानें एक निराळी आठवण सांगून ठेविली आहे. हिंदुस्थानांत जन्मलेला आणि एका गलबताच्या कप्तानानें पळवून नेलेला गॅब्रिएल डेव्हिऑन नांवाचा तरुण १८८४ च्या सुमारासच असें वाजवीत असे, असें तो म्हणतो. ही आठवण हातीं लागतांच ‘गिटारसुद्धां मूळची आमचीच’ असें म्हणण्याचा मोह होतो. एका आठवणीच्या दोरीवर एवढें ओझें टांगूं नये, हें बरें.

या वाद्याची गोडी आणि त्याचें दुखणें एकाच जागीं आहे. कांडी सरळ असते व सर्व तारांवर एकाच रेषेंत बसते. म्हणून मोकळ्या तारा ज्या स्वरगुच्छांत लाविलेल्या असतील, तोच गुच्छ वर-खालीं सरकतो. सा, शुद्ध ग आणि प अशा तारा लाविल्या, तर कोमल गांधाराचा गुच्छ कांडी तिरपी केल्यावांचून किंवा एखादी तार टाळल्यावांचून हातीं लागत नाहीं. हवाईच्या साध्या गीतांचें तेवढ्यावर भागे. जाझचें भागत नाहीं. जाझ वादकांच्या पोतडींत कांहीं ठराविक गाणीं असतात. त्यांना ते ‘स्टँडर्ड’ म्हणतात. तीं बहुतेक न्यूयॉर्कच्या संगीत नाटकांतून आलेलीं, आणि सामान्यतः बत्तीस बारांचीं, म्हणजे बत्तीस लहान आवर्तनांचीं असतात. चाल सर्वांना ठाऊक असते. खरा खेळ तिच्याखालीं बदलत जाणाऱ्या स्वरगुच्छांचा. जेरोम कर्न याचें १९३९ मधील ‘ऑल द थिंग्ज यू आर’ घ्या. त्यांत आधारस्वर इतक्या वेळां जागा सोडतो कीं सरळ कांडीचा वादक त्यामागें धांवतां धांवतां धापा टाकूं लागतो.

हवाईच्या वादकांनीं यावर उपाय शोधले. सोल हूपी यानें अमेरिकेंत जाझ ऐकून आपल्या तारा नव्या रीतीनें लाविल्या. त्याची १९२६ मधील ‘फेअरवेल ब्लूज’ ही ध्वनिमुद्रिका आजही जाणते लोक आदरानें ऐकतात. पुढें सा-ग-प यांत धैवत मिळविण्याची रीत आली. तींत एकाच जागीं कांडी ठेवून सा पासून पाहिलें तर एक गुच्छ मिळतो, ध पासून पाहिलें तर दुसरा. १९३२ मध्यें रिकनबॅकर कंपनीनें जी विजेची गिटार बाजारांत आणिली, तीही मांडीवरचीच होती. विजेच्या गिटारींचा पुढचा सारा पसारा तिच्यामागून आला.

हिंदुस्थानांत हें वाद्य आलें तें या उपायांसह आलें. येथें रुजलें मात्र त्यांवांचून. हवाई सोडून आशियाभर फिरणारें टाउ मो यांचें कुटुंब दुसऱ्या महायुद्धाच्या काळांत कलकत्त्यास राहिलें होतें, आणि त्या शहरांत गार्नी निस यांच्यासारखे हवाईयन गिटारीचे वादक तयार झाले. पुढें व्हॅन शिप्ली, हजारासिंग, सुनील गांगुली यांनीं चित्रपटगीतांच्या चाली या गिटारीवर इतक्या वाजविल्या कीं दोन कार्यक्रमांमधलीं रेडिओवरचीं मोकळीं मिनिटें म्हणजे हवाईयन गिटार, असें समीकरणच होऊन बसलें. ब्रिजभूषण काब्रा यांनीं तिच्यावर राग वाजविले. ही ओढ कां लागली हें समजणें कठीण नाहीं. पेटीला मींड नाहीं. याच उणिवेवर बोट ठेवून रेडिओनें १९४० मध्यें पेटी बंद केली होती. गिटारीला मींड होती, आणि गळ्याची लकेर तिच्यांतून जशीच्या तशी निघे. आम्हीं तिचा गळा घेतला. गुच्छ घेतले नाहींत. स्टँडर्ड वाजविणारा हवाईयन गिटारवाला म्हणूनच आपल्याकडे विरळा. मला यांत नुकसान दिसतें, जरी रागाच्या बाजूचा लाभही लहान नाहीं.

आतां नगरकडे वळूं. गोदावरीच्या कांठीं पुणतांबें म्हणून गांव आहे. ज्ञानदेवांना कोरें पत्र धाडणाऱ्या चांगदेवांची समाधि तेथें आहे. याच गांवीं १२ जानेवारी १९१८ रोजीं रामचंद्र नरहर चितळकर यांचा जन्म झाला. चित्रपटसृष्टि त्यांना सी. रामचंद्र या नांवानें ओळखते. विनायकबुवा पटवर्धनांकडे शिकलेला हा मनुष्य मिनर्व्हा मूव्हिटोनमध्यें पेटी वाजवूं लागला तेव्हां मुंबई जाझनें भारलेली होती. १९३५ मध्यें लिऑन ॲबी याचा वाद्यमेळ ताजमहाल हॉटेलांत आला होता, त्याच्यामागून क्रिकेट स्मिथ आणि टेडी वेदरफर्ड आले, आणि त्यांच्या संगतींत गोव्याचे वादक तयार झाले. त्यांतला ट्रंपेटवाला चिक चॉकलेट, मूळचा अँटोनियो झेवियर वाझ, चितळकरांचा सहकारी झाला. ‘शहनाई’ (१९४७) मधील रविवारच्या निमंत्रणाचें गाणें, ‘अलबेला’ (१९५१) मधील धमाल, हीं त्या संगतीचीं फळें. ‘समाधि’ (१९५०) या चित्रपटांतील ‘गोरे गोरे’ची चाल तर ‘चिको चिको’ या परदेशी गाण्यावरून उचललेली, हें आतां कोणी लपवीत नाहीं.

या उचलेगिरीबद्दल चितळकरांस नांवें ठेवणारे पुष्कळ झाले. त्यांना माझें एवढेंच सांगणें आहे कीं ‘अलबेला’तच पिलूच्या वळणाची अंगाईही आहे, आणि दोन्हीं गाण्यांत गाणारा गळा आपलाच आहे. परकी चाल त्यांनीं मोडली, तिचा ठेका आणि झळाळी ठेवली, आणि वर देशी सूर बसविला. त्याखालचे स्वरगुच्छ कागदावर उतरविण्याचें काम मात्र बहुतांशीं गोव्याच्या मंडळींनीं केलें. सेबॅस्टियन डिसूझा, अँथनी गोन्साल्विस, फ्रँक फर्नांड हीं नांवें त्या काळीं गाणें गुणगुणणाऱ्या लाखोंपैकीं किती जणांना ठाऊक होतीं? हा दोष एकट्या चितळकरांचा नव्हे. जो समाज चाल ऐकतो आणि गुच्छ ऐकत नाहीं, तो गुच्छ लिहिणाऱ्याचें नांव कशाला विचारील!

दुसरें स्थळ नगर शहराच्या दक्षिणेस, आरणगांवाजवळचें मेहेराबाद. १० जुलै १९२५ पासून मौन पाळणारे मेहेरबाबा ३१ जानेवारी १९६९ रोजीं निवर्तले आणि येथें त्यांची समाधि झाली. त्यांचें आवडतें गाणें कोणतें, तर कोल पोर्टर याचें ‘बिगिन द बिगीन’. त्यांच्या इच्छेप्रमाणें त्या गाण्याची ध्वनिमुद्रिका समाधीपाशीं वाजविण्यांत आली. १९७० मध्यें इंग्लंडांतील पीट टाउनशेंड यानें बाबांच्या स्मरणार्थ काढलेल्या ध्वनिमुद्रिकेंतही हें गाणें गिटारीवर गाइलें. पण ती छातीशीं धरावयाची गिटार. पुणतांब्याच्या संगीतकारानें परकी चाल मोडून आपली केली. मेहेराबादेंत तिला कोणीं हात लाविला नाहीं. फक्त ती जेथें वाजली ती जागा बदलली, आणि नाचघरांतलें गाणें मृत्युशय्येपाशीं आलें. श्रद्धेचा प्रश्न येथें बाजूस ठेवूं. गाण्याचा विचार करूं.

पोर्टरनें हें गाणें १९३५ मध्यें ‘ज्युबिली’ नाटकासाठीं केलें. बिगीन हा मार्टिनीक आणि ग्वाडलूप या बेटांवरचा नाच. तो कानीं पडतांच जुन्या प्रेमाची आठवण जागी होते, हा गाण्याचा विषय. नाटकांत त्याकडे फारसें कोणाचें लक्ष गेलें नाहीं. १९३८ मध्यें आर्टी शॉ यानें क्लॅरिनेटवर तें मुद्रित केलें, तेंही तबकडीच्या दुसऱ्या बाजूस, आणि जग वेडें झालें. पहिल्या बाजूस ‘इंडियन लव्ह कॉल’ होतें. त्यांतले इंडियन अर्थात् आपण नव्हे.

बत्तीस बारांच्या रिवाजांत हें गाणें १०८ बारांचें आहे. जपमाळेचे मणी तितकेच असतात, हें येथें कोणाच्या तरी मनांत आल्यावांचून राहणार नाहीं. पोर्टरला त्याची कल्पना असण्याचें कारण नाहीं. महत्त्वाची गोष्ट निराळी. चाल लांब लांब स्वरांवर विसावत जाते, आणि खालचे गुच्छ कर्नच्या गाण्यासारखे क्षणोक्षणीं पळत नाहींत. एक गुच्छ पुष्कळ वेळ ठाण मांडून बसतो. म्हणजे सरळ कांडीला जें जमतें नेमकें तेंच हें गाणें मागतें. लांब स्वर धरावा, हलकासा कंप द्यावा, पुढच्या स्वराकडे सावकाश सरकावें, आणि जेथें गुच्छ कोमल होतो तेथें धैवताची तार कामीं आणावी. आपल्या मींडेला आणि पोर्टरच्या चालीला दोघांनाही मान राखून बसतां येईल अशी ही जागा आहे. मोडण्याची गरज नाहीं, नुसती तबकडी लावण्याचीही नाहीं.

कठीण जागा शेवटीं येते. चाल वर वर चढत जाते, गिटारीचे पडदे एकमेकांजवळ येतात आणि कांडी त्यांच्याही पलीकडे जाते. तेथें जागा दाखवावयास कांहीं उरत नाहीं. वादकानें कानावर भरंवसा ठेवून स्वर धरावयाचा.