योसेफाची कथा : भाऊबंदकी आणि ईश्वरी योजना

भाऊबंदकीचे दुःख कोणत्याही एका समाजाच्याच वाट्याला आलेले नाही. कौरव-पांडवांच्या वैराची कथा लहानपणापासून ऐकत आलेल्या माणसाने ख्रिस्ती पवित्र शास्त्रातील पहिला ग्रंथ, 'उत्पत्ती', हाती घेतला, तर त्याला तेथेही ओळखीचेच जग भेटते. काइन आपल्या भावाला, हाबेलाला, ठार मारतो. याकोब थोरल्या भावाचा, एसावाचा, आशीर्वाद कपटाने मिळवितो. याच याकोबाच्या मुलांमध्ये पेटलेल्या मत्सराची हकीकत त्या ग्रंथाच्या शेवटच्या चौदा प्रकरणांत बहुतांशी आलेली आहे. ज्यूंच्या धर्मग्रंथातही ती आहे, आणि कुराणातील बारावा सूरा याच योसेफाच्या, म्हणजे यूसुफाच्या, नावाचा आहे. मराठीलाही हा कथासंभार नवा नाही. फादर स्टीफन्स यांचे 'क्रिस्तपुराण' 1616 साली गोमंतकात छापले गेले, आणि त्याच्या पहिल्या भागात जुन्या कराराचा वृत्तांत मराठी ओवीत सांगितला आहे.

याकोबाला बारा मुलगे होते. परंतु त्याचे मन गुंतले होते ते आवडत्या राहेलीच्या पोटी जन्मलेल्या योसेफात. बापाने त्याला एक उंची झगा करून दिला. परंपरेने तो रंगीबेरंगी मानला आहे. मूळ हिब्रू शब्दाचा अर्थ मात्र वादग्रस्त असून, पायघोळ किंवा लांब बाह्यांचा असाही त्याचा अर्थ लावतात. भावांच्या पेंढ्या आपल्या पेंढीपुढे वाकल्याचे स्वप्न सतरा वर्षांच्या योसेफाने भोळेपणाने भावांनाच सांगितले. बापाचा पक्षपात आणि मुलाचा उतावीळपणा यांतून द्वेष वाढत गेला. दोथानच्या रानात भावांनी त्याला कोरड्या विहिरीत टाकले. यहूदाने मसलत दिली, की मारून लाभ काय, विकून तरी टाकू. अखेर वीस रुपयांच्या नाण्यांइतक्याही नव्हे, तर वीस तुकडे चांदीच्या मोलाने योसेफ मिसर देशाच्या वाटेला लागला, आणि बकऱ्याच्या रक्तात बुडविलेला झगा बापापुढे आला. याकोबाने एके काळी करडाची कातडी हातांवर बांधून आपल्या आंधळ्या पित्याला फसविले होते. आता बकऱ्याच्याच रक्ताने त्याची मुले त्याला फसवीत होती. ग्रंथकार यावर काहीच भाष्य करीत नाही. जाणत्याने ते ओळखावे.

या कथेला इतिहासाचा आधार कितपत आहे? योसेफाचे नाव मिसरच्या कोणत्याही समकालीन लेखात सापडलेले नाही, आणि कथेला आजचे रूप पुष्कळ शतकांनंतर आले असे बहुतेक पंडित मानतात. तरीही तिची पार्श्वभूमी निराधार नाही. बेनी हसन येथील एका थडग्यात, सुमारे इ.स.पू. 1890 च्या भित्तिचित्रात, रंगीत नक्षीची वस्त्रे ल्यालेला आशियाई लोकांचा एक तांडा मिसरमध्ये येताना दाखविला आहे. ब्रुकलिन येथील संग्रहालयातल्या एका पपायरसावर इ.स.पू. अठराव्या शतकातील एका मिसरी घराण्याच्या नोकरांची यादी असून तीत आशियाई नावे पुष्कळ आहेत. नाईलच्या मुखाजवळ तेल एद-दाबा येथे 1966 पासून झालेल्या उत्खननात आवारिस हे नगर उजेडात आले. इ.स.पू. सुमारे 1650 ते 1550 या काळात आशियाई वंशाच्या हिक्सोस राजांची ती राजधानी होती. परदेशी माणूस मिसरमध्ये गुलामही होऊ शके आणि सत्ताधीशही, एवढे यावरून निश्चित दिसते.

कथेचे खरे वैशिष्ट्य मात्र निराळे आहे. अब्राहाम, इसहाक आणि याकोब यांच्याशी परमेश्वर बोलतो. योसेफाशी तो एकदाही बोलत नाही. विहिरीत आकाशवाणी होत नाही, कारागृहात देवदूत उतरत नाही. पोटीफरच्या पत्नीने खोटा आळ घेतल्यावर योसेफ बंदिवासात पडतो. ज्याच्या स्वप्नाचा त्याने उलगडा केला, तो राजाचा प्यालेबरदार सुटताच त्याला दोन वर्षे विसरतो. फारोपुढे उभा राहिला तेव्हा योसेफ तीस वर्षांचा होता. म्हणजे घर सुटून तेरा वर्षे लोटली होती. ईश्वरी योजना या कथेत घटनांच्या पोटातून, माणसांच्या बऱ्यावाईट कृत्यांमधून वाहत राहते, आणि मागे वळून पाहिल्याखेरीज ती दिसत नाही.

सुकाळाच्या सात वर्षांत पिकाचा पाचवा हिस्सा कोठारांत साठवून योसेफाने दुष्काळाची तरतूद केली. त्याच दुष्काळाने त्याच्या भावांना धान्यासाठी त्याच्या दारी आणले. त्यांनी त्याला ओळखले नाही; त्याने त्यांना ओळखले. सूड घेणे त्याला सहज शक्य होते, आणि क्षमा करणेही. त्याने दोन्ही न करता त्यांची पारख केली. राहेलीचा धाकटा मुलगा बन्यामीन याच्या गोणीत चांदीचा प्याला ठेववून त्याने त्याच्यावर चोरीचा आळ आणला. बापाच्या दुसऱ्या लाडक्याला परक्या देशात टाकून निघून जाण्याची संधी भावांपुढे पुन्हा उभी राहिली. त्या वेळी पुढे झाला तो यहूदा, ज्याने पूर्वी विकण्याची मसलत दिली होती तोच. म्हाताऱ्या बापाला हे दुःख सोसणार नाही, मुलाच्या बदली मला गुलाम करा, अशी त्याने विनवणी केली. बापाचा पक्षपात अजून संपला नव्हता. संपला होता तो भावांचा मत्सर. तेव्हा योसेफाला रडू आवरेना, आणि त्याने आपली ओळख दिली.

आपल्याला येथे पाठविले ते तुम्ही नव्हे, जीव वाचविण्यासाठी देवाने पाठविले, असे त्याने भावांना सांगितले. हे वाक्य कोणाच्या तोंडी आहे, याला फार महत्त्व आहे. देवाच्याच मनात होते, असे विकणाऱ्यांनी म्हटले असते तर ती पळवाट ठरली असती. ज्याने सोसले त्यानेच ते म्हटले, म्हणून त्याला क्षमेचे मोल आले. याकोबाच्या मृत्यूनंतर भाऊ पुन्हा घाबरले, तेव्हाही योसेफाने त्यांचा हेतू वाईट होता हे लपविले नाही. त्या वाईटातून देवाने चांगले घडविले, आणि न्यायनिवाडा करण्यास आपण देवाच्या जागी नाही, एवढेच तो म्हणाला. पापाला पाप म्हणूनही माणसाला जवळ घेता येते, हा या कथेचा बोध आहे.

तरीही ग्रंथकाराने योसेफाला निर्दोष देव्हाऱ्यात बसविलेले नाही. दुष्काळ लांबला तेव्हा मिसरच्या रयतेने धान्यासाठी आधी पैसा दिला, मग गुरे, आणि शेवटी जमिनी व स्वतःचे देह. पुरोहितांची जमीन वगळता सारी भूमी फारोची झाली, आणि पिकाचा पाचवा हिस्सा कायमचा राजभाग ठरला. रयतेने जीव वाचविल्याबद्दल योसेफाचे उपकार मानले. पण स्वातंत्र्य गेले ते गेलेच. पुढच्याच ग्रंथाच्या, 'निर्गमा'च्या, आरंभी योसेफाची ओळख नसलेला नवा राजा गादीवर येतो आणि याकोबाच्या वंशजांनाच वेठीला धरतो. एका घराला तारणारी योजना राज्यकर्त्याच्या प्रत्येक कृत्याला पवित्र करीत नाही, हे ग्रंथाने मोकळेपणाने नोंदवून ठेवले आहे.

याकोबाने योसेफाला प्रथम सतरा वर्षे जवळ ठेवले होते. मिसरमध्ये आल्यावर त्याला पुत्राचा सहवास लाभला तोही सतराच वर्षे. मधल्या बावीस वर्षांचा वियोग कोणी भरून दिला नाही. योसेफ एकशे दहाव्या वर्षी वारला. मिसरी लोक हेच आदर्श आयुर्मान मानीत. मरताना त्याने आपल्या भावांच्या कुळाकडून एकच वचन घेतले, की येथून निघाल तेव्हा माझ्या अस्थी बरोबर न्या. ज्यांनी त्याला घरातून घालविले, त्यांच्याच वंशजांच्या हाती आपल्या परतीची वाट सोपवून त्याने डोळे मिटले.