सर्पगंधा : पागल बूटी ते बीपीची गोळी

या वीकेंडला एका झुडपाची गोष्ट. जेमतेम गुडघ्या-मांडीपर्यंत वाढणारं, दमट जंगलात मोठ्या झाडांच्या सावलीत उगवणारं. नाव सर्पगंधा. साप चावला की मूळ द्यायचं, झोप येत नसेल तरी तेच. बिहारकडे तर नावच ‘पागल की दवा’. आता सापाच्या विषावर ते कितपत चालत असेल देव जाणे, पण वेडावरचा दावा थाप नव्हता.

१९३१ साली कलकत्त्यात गणनाथ सेन आणि कार्तिकचंद्र बोस यांनी लिहून ठेवलं की या मुळाने उन्माद शांत होतो आणि रक्तदाबही उतरतो. त्याच सुमाराला दिल्लीच्या तिब्बिया कॉलेजात सलीमुज्जमान सिद्दिकी यांनी मुळातून अल्कलॉइड्स वेगळी काढली. एकाला हकीम अजमल खान यांच्यावरून ‘अजमलीन’ नाव दिलं. हृदयाचा ब्रुगाडा सिंड्रोम ओळखायला ते आजही वापरतात!

म्हणजे सगळा मसाला तयार होता. पण युरोप-अमेरिकेत ढिम्म हालचाल नाही. मग १९४९ मध्ये मुंबईच्या केईएमचे डॉ. रुस्तम जाल वकील यांनी ५० पेशंट्सवरचे आकडे ‘ब्रिटिश हार्ट जर्नल’मध्ये छापले, आणि चक्रं फिरली. १९५२ ला बाझेलच्या सीबा कंपनीने रेसर्पिन वेगळं केलं, ‘सर्पासिल’ बाजारात आलं. १९५४ मध्ये न्यूयॉर्कच्या नेथन क्लाइनने ते मनोरुग्णांना देऊन पाहिलं. १९५७ चं लास्कर पारितोषिक वकील आणि क्लाइन दोघांनाही मिळालं. (सेन-बोस? १९३१ चा तो लेख आपल्याकडेच किती जणांना माहीत आहे!) मला विचाराल तर वकिलांचं मोठेपण शोधात नाही, मोजण्यात आहे. औषध शतकानुशतकं होतंच, नव्हता तो डेटा.

रेसर्पिन करतं काय? मेंदूतल्या पेशी डोपामिन, सेरोटोनिन वगैरे ज्या इवल्या पिशव्यांत साठवतात, त्यांत ते भरूच देत नाही. साठा संपतो, माणूस थंडावतो, बीपी उतरतं. काही पेशंट मात्र फारच थंडावले, चक्क डिप्रेशनमध्ये गेले. अर्विड कार्लसनने रेसर्पिन देऊन सशांना निपचित पाडलं आणि एल-डोपा देऊन पुन्हा उठवलं. पार्किन्सनच्या उपचाराची वाट तिथून निघाली, त्याला २००० चं नोबेल मिळालं. नवी औषधं आल्यावर रेसर्पिन मागे पडलं, ते ठीकच.

झुडपाची मात्र पंचाईत झाली. औषध पानात असतं तर खुडून भागलं असतं. ते आहे मुळात, म्हणजे अख्खं झाड उपटायचं. लागवड करता येते, पण मूळ हाताशी यायला दोन-तीन वर्षं लागतात आणि जंगलातलं फुकट! शेवटी १९९० पासून सर्पगंधा साइट्स कराराच्या दुसऱ्या परिशिष्टात आहे, त्यामुळे परदेशी व्यापाराला परवाना लागतो. जंगलातून गुपचूप उपटणाऱ्याला कसला आलाय परवाना?