चित्र-वेळापत्रक

वर्गातल्या दिवसाचा क्रम चित्रे, छायाचित्रे किंवा प्रत्यक्ष वस्तू मांडून दाखवणारी पट्टी. परिपाठ, हजेरी, भाषेचा तास, खिचडी, मैदान, घर अशी कार्डे वरून खाली किंवा डावीकडून उजवीकडे लावतात. एक काम संपले की त्याचे कार्ड काढून ‘झाले’ असे लिहिलेल्या खिशात टाकायचे. ते मुलाने स्वतः टाकावे. बाईंनी टाकले तर ती नुसती सजावट उरते.

बोललेली सूचना हवेत विरते, चित्र मात्र जागेवर राहते. स्वमग्न मुलांना एका कामातून दुसऱ्यात जाणे अनेकदा जड जाते, कारण पुढे काय होणार हेच उमगलेले नसते. अमेरिकेत नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठात एरिक शॉप्लर यांनी उभारलेल्या आणि १९७२पासून राज्यभर चाललेल्या ‘टीच’ कार्यक्रमाने या साधनाला शिस्तशीर रूप दिले. स्वमग्नतेचा दोष आईच्या थंडपणावर ढकलण्याच्या त्या काळात शॉप्लर यांनी पालकांनाच उपचारातले भागीदार केले, त्यामुळे अशा पट्ट्या घरीही पोचल्या.

कोणते रूप निवडायचे हे वयावर नव्हे, समजेवर ठरते. चित्र म्हणजे त्या वस्तूची खूण हे अजून न कळणाऱ्या मुलाच्या हाती जेवणासाठी वाटी, मैदानासाठी चेंडू द्यावा. पुढे छायाचित्र, मग रेखाचित्र, शेवटी नुसता शब्द. सबंध दिवस झेपत नसेल तर ‘आधी–मग’ अशी दोनच घरांची पट्टी पुरते: आधी अक्षरे गिरवणे, मग झोका.

अँडी बाँडी व लोरी फ्रॉस्ट यांची चित्र-देवाणघेवाण पद्धत (१९८५) वेगळी. तिच्यात मूल चित्र देऊन आपली मागणी सांगते. वेळापत्रकात मोठी माणसे मुलाला सांगतात. या दोन्हींची गल्लत नेहमी होते.

पट्टी मुलाच्या डोळ्यांच्या उंचीवर हवी. फळ्याच्या वर टांगलेली, जूनपासून कुणी हात न लावलेली लॅमिनेटेड पट्टी शाळा-तपासणीपुरतीच. पावसामुळे मैदान रद्द झाले तर ‘बदल’ असे कार्ड आधीच लावून दाखवावे, नाहीतर पट्टीच खोटी ठरते. मूल सरावले म्हणून ती काढून घेणेही चूक. मोठी माणसे डायरी आणि कालनिर्णय सोडतात का? शिक्षा म्हणून खेळाचे कार्ड काढण्याची खोड तर त्याहून वाईट: मग मूल पट्टीकडे पाहतच नाही.