हलगी कडाडली की मैदानात परकं कुणी उरत नाही

1952 सालचा जुलै. तुम्ही हेलसिंकीच्या ऑलिम्पिकमध्ये कुस्तीच्या मॅटजवळ उभे आहात. लाल मातीचा वास नाही, पुकारा नाही, हलगी तर नाहीच. मॅटवर कराडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव आहेत. कॅनडा, मेक्सिको आणि जर्मनीच्या मल्लांना त्यांनी हरवलंय. आता जपानच्या शोहाची इशीशी दमछाक करणारी लढत ते हरतात, आणि लगेच पुकारा होतो सोव्हिएत संघाच्या रशीद मामादबेयोवशी लढण्याचा. दोन कुस्त्यांच्या मध्ये अर्धा तास विश्रांती द्यावी असा नियम आहे. पण तो बजावून सांगायला भारताचा एकही अधिकारी तिथे हजर नाही. तुम्ही जिवाच्या आकांताने ओरडता, पण तुमचं मराठी तिथे कुणाला कळणार? खाशाबा तसेच उतरतात आणि हरतात. तरीही कांस्यपदक त्यांचंच. स्वतंत्र भारताचं पहिलं वैयक्तिक ऑलिम्पिक पदक.

आता थोडं पुढे या, कराडला. ढोल घुमतोय, लेझीम खणाणतंय, शंभरावर बैलगाड्या जुंपून माणसं आपल्या पैलवानाला न्यायला आलीत. एरवी पंधरा मिनिटांची वाट, पण आज मिरवणुकीला सात तास लागतात. या गर्दीतल्या कुणीही हेलसिंकी पाहिलेलं नाही. पण खाशाबांच्या प्रवासासाठी गावोगाव वर्गणी निघाली होती आणि राजाराम कॉलेजच्या प्राचार्य खर्डेकरांनी स्वतःचं घर गहाण टाकून 7,000 रुपये उभे केले होते, हे त्यांना ठाऊक आहे. हेलसिंकीत जे बोलायला कुणी नव्हतं, ते आज ढोल बोलतोय.

अजून दहा-बारा वर्षं पुढे चला, सांगली जिल्ह्यातल्या एका मैदानात. पुनवतचे गणपतराव आंदळकर आणि कवठेपिरानचे मारुती माने 1962 च्या जकार्ता आशियाई स्पर्धेतून सुवर्णपदकं घेऊन आल्यानंतरचा हा काळ. तुमच्या डाव्या बाजूला अथणीकडून आलेले शौकीन कानडीत बोलताहेत, उजवीकडे जतची मंडळी मराठीत. आखाड्यात उतरणारा मल्ल पंजाबचा, त्याच्या वस्तादाची हिंदी निम्म्या मैदानाला समजत नाही.

कडेला हलगीवाला विस्तवावर हलगी शेकतोय. चामडं तापून ताणलं जातं, तो बोटाने ठोकून आवाज पाहतो, पुन्हा शेकतो. मग एका हातात बारीक काडी, दुसऱ्यात जाड टिपरू. जोडीला घुमकं आणि कैताळ. सलामी झाली, खडाखडी सुरू झाली की ठेका संथ असतो. हलगीवाल्याची नजर मल्लांच्या पायांवर खिळलेली. एकाने पटात हात घातला की हलगी कडाडते. समोरच्याने तो उधळून लावला की पुन्हा संथ. ढाक भरली, पाठ मातीला टेकायला आली, की ठेका असा चढतो की अथणीचा आणि जतचा माणूस एकाच क्षणी उठून उभा राहतो. काय चाललंय हे कुणाला कुणी विचारत नाही.

आणि आता आज. पलूस तालुक्यातलं कुंडल घ्या, नाहीतर दुसरं कुठलंही मोठं मैदान. महाराष्ट्रातल्या मैदानांत हल्ली इराणचे मल्लही उतरतात. त्यांच्या मुलखात जुरखाना नावाची तालीम असते. तिथे खोलगट हौद्यात मल्ल व्यायाम करतात आणि वर बसलेला मुर्शिद जर्ब नावाचा ढोल आणि घंटा वाजवत फिरदौसीचं काव्य म्हणतो. युनेस्कोने 2010 मध्ये या परंपरेला मानवतेच्या अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत घेतलं. अशा ठेक्यावर अंग कमावत वाढलेला इराणी गडी शड्डू ठोकतो आणि तुमच्या शेजारची पोरं शिट्ट्या मारतात. तो जिंकला तरी टाळ्या पडतात, कारण चांगल्या डावाला दाद द्यायची, हा मैदानाचा रिवाज आहे. लिव्हरपूलच्या ॲनफिल्ड मैदानावर देशोदेशींचे हजारो फुटबॉलवेडे एका सुरात गातात, तेव्हा जे घडतं, तेच इथे हलगी घडवते.

या प्रवासात एक गोष्ट मात्र तुम्हाला टोचली पाहिजे. हलगी पिढ्यान्‌पिढ्या जपली ती प्रामुख्याने मातंग समाजातल्या कलावंतांनी. मैदान त्यांच्या हातावर पेटलं, पण गावाने त्यांना वेशीबाहेर ठेवलं. विजेत्या मल्लांची नावं लोकांच्या तोंडी राहिली. त्या कुस्त्यांना हलगी कुणी वाजवली, हे मात्र फारसं कुणी लिहून ठेवलं नाही. आज काही पत्रिकांवर हलगीवादकाचं नाव येतं, पण बहुतेक ठिकाणी दिवसभर वाजवूनही तो बिननावाचाच राहतो.

म्हणून सातारा-सांगलीच्या प्रत्येक कुस्ती कमिटीला कळकळीची विनंती आहे: येत्या जत्रेच्या पत्रिकेत मल्लांच्या जोड्यांबरोबर हलगीवाल्याचं, घुमकंवाल्याचं आणि कैताळवाल्याचं नाव छापा. पहिल्या कुस्तीआधी ते माइकवरून पुकारा, त्यांना फेटा बांधा आणि त्यांचं मानधन इनामाच्या यादीत जाहीर करा. मैदानातल्या सगळ्यांना कळणारी एकच भाषा आहे आणि ती बोलणारा माणूस हलगीवालाच आहे.