अठ्ठावीस घास



२०१८ सालची गोष्ट. त्या वर्षी लातुरात कुणाकडेही गेलं की पाण्याच्या तांब्याबरोबरच प्रश्न यायचा, "तुम्ही दीक्षित करता का?" म्हणजे डॉ. जगन्नाथ दीक्षितांनी सांगितल्याप्रमाणे दिवसातून दोनच वेळा जेवता का? आमच्या महिला मंडळात तर दोन तट पडले होते. एक गट म्हणायचा, पाच किलो गेले. दुसरा म्हणायचा, यात नवीन काय, आपल्या आज्या जन्मभर हेच करत होत्या. मी दुसऱ्या गटात होते आणि मोठ्या तोऱ्यात होते. तोऱ्यात असताना माझी तीन महिन्यांची सरासरी साखर, म्हणजे एचबीएवनसी, ८.१ होती, हे मात्र मंडळात कुणाला सांगितलं नव्हतं.

त्या तोऱ्याचा हिशेब आज मांडते. कॉमर्सची पदवी घेऊन चाळीस वर्षं घरातच काढली, पण जमा-नावे लिहायची सवय काही सुटली नाही.

आधी जमेची बाजू. तत्त्वार्थसूत्रात सहा बाह्य तपं सांगितली आहेत. पहिलं अनशन, म्हणजे उपवास. तो आपल्या सगळ्यांना ठाऊक असतो आणि त्याचीच पत्रिका छापली जाते. दुसरं आहे अवमौदर्य, त्यालाच ऊनोदरी म्हणतात. भुकेपेक्षा थोडं कमी खाऊन उठायचं. याची पत्रिका कुणी छापत नाही, पारण्याला कुणी बोलावत नाही, कारण ते दिसतच नाही. शिवार्यांच्या भगवती आराधनेत त्याचं मापसुद्धा दिलं आहे: पुरुषाचं पोट भरतं ३२ घासांनी, स्त्रीचं २८ घासांनी. त्यातला एक घास कमी केला तरी अवमौदर्य सुरू होतं. हे मी प्रथम वाचलं तेव्हा दुपारच्या जेवणात घास मोजून बघितले. अठ्ठाविसाव्या घासाला माझी दुसरी पोळी संपत आली होती आणि भात अजून वाढायचाच होता. घास किती मोठा घ्यायचा हा वाद कुणी काढेल, काढू दे.

चौथं तप रसपरित्याग. दूध, दही, तूप, तेल, गूळ-साखर आणि मीठ या सहा रसांपैकी एखादा सोडायचा. रविवारी मीठ न खाणाऱ्या बायका आपल्यात अजून आहेत. आणि रात्रिभोजनत्याग तर आपली ओळखच. सूर्योदयानंतर दोन घटका झाल्यावर तोंडात अन्न घ्यायचं आणि सूर्यास्ताच्या दोन घटका आधी थांबायचं. एक घटका २४ मिनिटांची, म्हणजे दोन्हीकडे ४८ मिनिटं सोडायची. मी लातूरच्या सूर्याचा हिशेब केला. डिसेंबरात खाण्यासाठी जेमतेम साडेनऊ तास मिळतात, जूनमध्ये साडेअकराच्या आसपास. उरलेला सगळा वेळ पोटाला सुट्टी.

ही सुट्टी किती मोलाची, हे बाहेरच्या जगाला अलीकडे कळलं. अमेरिकेत सॉल्क संस्थेत सच्चिदानंद पांडा या आपल्या ओडिशाच्या शास्त्रज्ञाने २०१२ साली उंदरांवरचा प्रयोग प्रसिद्ध केला. एकच चरबीयुक्त खाद्य एका गटाला दिवसरात्र मोकळं ठेवलं, दुसऱ्याला आठच तास दिलं. आठ तासवाले लठ्ठ झाले नाहीत. पुढे २०१७ चं वैद्यकातलं नोबेल शरीराच्या दिवसरात्रीच्या घड्याळावर काम करणाऱ्या तिघांना मिळालं. मंडळात मी हे सांगितलं तेव्हा टाळ्या पडल्या. पण एक खरं सांगायला हवं. आपल्या आचार्यांनी रात्रीचं जेवण सोडायला सांगितलं ते जीवहिंसा टाळण्यासाठी, वजनासाठी नव्हे. तब्येतीचा फायदा हे वरचं व्याज. मुद्दल वेगळं आहे, ते विसरून धर्माला डाएट म्हणायला लागलो तर आपलंच नुकसान.

माझी आजी औसा तालुक्यातली. १९५५ च्या भाद्रपदात आचार्य शांतिसागर महाराजांची सल्लेखना कुंथलगिरीला चालू होती, तेव्हा ती दर्शनाला जाऊन आली होती. छत्तिसाव्या दिवशी, १८ सप्टेंबरला, महाराजांची समाधी झाली. दिवसातून एकदा, उभ्याने, हाताच्या ओंजळीत आहार घेणारा आणि शेकडो कोस पायी चालणारा माणूस तिने डोळ्यांनी पाहिला. त्यानंतर "मला भूक लागली" असं घरात कुणी म्हणालं की ती नुसती हसायची.

तिचं स्वतःचं जेवण दोन वेळा. सकाळी देवदर्शन आणि कामं आटोपून दहाच्या सुमारास, आणि संध्याकाळी दिवे लागायच्या बऱ्याच आधी. श्वेतांबर भगिनी ज्याला बियासण म्हणतात तेच, पण आजीने त्याचं पच्चक्खाण कधी घेतलं नव्हतं. घरात तिसऱ्या जेवणाची पद्धतच नव्हती. ज्वारीची भाकरी, तुरीचं वरण, हंगामाप्रमाणे अंबाडी, करडई, घोळ, तांदुळजा, हरभऱ्याचा कोवळा पाला. तेल करडईचं, तेही बेताने. चहा घरात पाहुण्यापुरता. पहाटे जातं, मग आडाचं पाणी, मग नदीवरचं धुणं. तिला कुणी चालायला जा म्हणून सांगावं लागत नव्हतं.

इथे थांबून एक गोष्ट सांगते, कारण "जुनं ते सोनं" म्हणताना आपण निम्मंच सांगतो. आपला मराठवाडा १९४८ पर्यंत हैदराबाद संस्थानात होता, आणि याच हैदराबादेत पुढे राष्ट्रीय पोषण संस्था आली. तिथल्या डॉ. गोपालन आणि डॉ. श्रीकांतिया यांनी १९६० साली ज्वारी खाणाऱ्या गरिबांच्या पेलाग्रा नावाच्या आजारावर लिहिलं. उन्हात उघडं राहणारं कातडं काळं पडून सोलतं, जुलाब लागतात, शेवटी डोकं बिघडतं. ज्वारी वाईट नव्हे, पण नुसती ज्वारी, सोबत ना डाळ, ना दूध, ना भाजी, अशी ज्यांच्या नशिबी होती त्यांना हा आजार व्हायचा. आजीच्या भाकरीबरोबर वरण आणि पालेभाजी होती, कारण घरची शेती होती. तिच्याकडे कामाला येणाऱ्या बाईच्या भाकरीबरोबर अनेकदा मिरचीच असायची. आणि जात्यावर दळण हा काही व्यायाम म्हणून कुणी केलेला नाही. पिठाची गिरणी आली तेव्हा आजीने आनंदाने जातं कोपऱ्यात ठेवलं.

आता नावेची बाजू.

गिरणी आली, नळ आला, ते बरंच झालं. पण हाताचं काम गेलं आणि त्या जागी दुसरं काही आलं नाही. चहा मात्र आला. १९३० आणि ४० च्या दशकांत चहावाल्यांनी देशभर फुकट चहा पाजून सवय लावली. आमच्या घरी तो १९७२ च्या दुष्काळानंतर पक्का झाला असं माझी आई सांगायची. ऐंशीच्या दशकात लातूर जिल्ह्यात साखर कारखाने उभे राहिले, ऊस आला, साखर पाहुण्यांची राहिली नाही. ज्वारी-करडईच्या रानात सोयाबीन आलं. आमच्या ह्यांची आडत. बाजारात दिवसाला पाच चहा सहज होतात, दोन-दोन चमचे साखरेचे. म्हणजे दिवसाला ५० ग्रॅम, महिन्याला दीड किलो, वर्षाला १८ किलो. जागतिक आरोग्य संघटना मोठ्या माणसाला वरून घातलेली सगळी साखर मिळून ५० ग्रॅमच्या आत ठेवा म्हणते, जमलं तर २५. आमची मर्यादा चहातच संपायची, मग शिऱ्याचं काय?

आणि सगळ्यात नावे पडते ती अष्टमी-चतुर्दशी. हिरवं सोडायचं. कुठे फळं चालतात, कुठे नाही, घराघराची रीत वेगळी. सोडण्यामागचा भाव जिभेवर ताबा हा आहे. पण हिरवी भाजी सोडून आपण ताटात घेतो काय? बेसनाची पिठी, शेव, तळलेले पापड, पुऱ्या, वर गोड. दोडक्याचा त्याग आणि शेवेचा भोग! महिन्याच्या चार तिथ्या असतात. त्या मोडा असं मी म्हणत नाही, मीही पाळते. त्या दिवशी मूगडाळीचं वरण, भाकरी आणि ताक घेतलं, ताक वरणापासून वेगळ्या वेळी, तर त्याग तोच राहतो. तेलाची कढई चढवलीच पाहिजे असं कुठल्याही शास्त्रात नाही.

उरलेल्या सव्वीस दिवसांत तरी आपण भाजी खातो का? पोषण संस्थेने मे २०२४ मध्ये नवी मार्गदर्शक तत्त्वं दिली. दिवसाला ४०० ग्रॅम भाजी आणि १०० ग्रॅम फळ, आणि भाजीत बटाटा धरायचा नाही. बटाट्याच्या बाबतीत आपण पास आहोत! पण ४०० ग्रॅम मी तराजूत घालून बघितलं. पालकाची मोठी जुडी आणि वर दोन दोडके. आमच्या दोघांत मिळून तेवढी भाजी व्हायची, तीही तेलात परतलेली. फळाचं म्हणाल तर नांदेडच्या आमच्या वन्सं अर्धापूरच्या केळ्यांचा घडच पाठवून देतात, आणि "केळ्याने काही होत नाही" असं फोनवर सांगतात. मध्यम केळं साल काढून साधारण १०० ग्रॅम भरतं. एक ठीक. घड आहे म्हणून चार खाल्ली की फळ राहत नाही, जेवण होतं.

दीक्षितांकडे वळते. त्यांचं म्हणणं त्यांनी स्वतःच नागपूरच्या डॉ. श्रीकांत जिचकरांचं असल्याचं सांगितलं आहे. विशी पंचविशीत ढीगभर पदव्या, १९८० साली काटोलचे आमदार, २००४ साली अपघाती मृत्यू. जिचकर भाषणांतून सांगायचे की प्रत्येक खाण्याला इन्सुलिन पाझरतं, म्हणून खाण्याच्या वेळाच कमी करा. लातूरच्या वैद्यकीय महाविद्यालयात शिकवणाऱ्या दीक्षितांनी ते स्वतःवर करून बघितलं आणि मग गावोगाव व्याख्यानं दिली. कडकडून भूक लागण्याच्या दोन वेळा ओळखा, त्या दोन वेळीच ५५ मिनिटांच्या आत जेवा, आणि रोज ४५ मिनिटांत साडेचार किलोमीटर चाला. २०१८ अखेर राज्य सरकारने त्यांना स्थूलतेविरुद्धच्या मोहिमेत दूत नेमलं. तेव्हा ऋजुता दिवेकरांचं थोड्या थोड्या वेळाने खा हे मत एका बाजूला आणि हे दुसऱ्या बाजूला, असं महाराष्ट्रात घराघरात भांडण लागलं. मला दीक्षितांची एक गोष्ट फार आवडली: त्यांनी पैसे मागितले नाहीत, आणि सुरू करण्याआधी रक्त तपासून घ्या म्हणाले.

मी रक्त तपासलं, पण दुसरी चूक केली. त्या वर्षीच्या दशलक्षणात, अनंत चतुर्दशीला, निर्जळ उपवास धरला आणि सवयीने सकाळची साखरेची गोळी पाणी पिण्याच्या आधीच्या वेळेत घेऊन टाकली. अकराच्या सुमारास मंदिरात हात थरथरायला लागले, घाम सुटला, समोरचं वेदीवरचं छत्र दुहेरी दिसायला लागलं. शेजारच्या बाईंनी ओळखलं, त्यांना साखर होती म्हणून. त्यांनी ओढत बाहेर नेलं आणि गुळाचं पाणी पाजलं. उपवास मोडला म्हणून मी रडत होते. साखर किती खाली गेली होती ते नंतर डॉक्टरांकडून कळलं तेव्हा रडणं थांबलं.

चार दिवसांनी चातुर्मासासाठी आलेल्या आर्यिका माताजींकडे प्रायश्चित्त मागायला गेले. त्या म्हणाल्या, "सोळा भावनांत त्याग आणि तप या दोन्हींच्या आधी काय शब्द आहे?" मला आठवलं: शक्तितः. आपल्या शक्तीप्रमाणे. प्रायश्चित्त म्हणून त्यांनी वर्षभर रोज अवमौदर्य आणि एक सामायिक दिलं. गोळी चालू असेल तर निर्जळ नाही आणि उपवासाआधी डॉक्टरांना विचारायचं, हेही त्याच स्वरात सांगितलं. मंडळात ज्या ज्या बायका गोळ्या किंवा इंजेक्शन घेतात त्यांना मी हे दर भाद्रपदात सांगते. काहींना आवडत नाही.

सामायिक ४८ मिनिटांचं, चालणं ४५ मिनिटांचं. पहाटे टाऊन हॉलच्या मैदानावर आम्ही सहा-सातजणी असतो. साडेचार किलोमीटर मला होत नाही, गुडघे ऐकत नाहीत, तीन होतात. घरी आल्यावर खुर्चीवर बसून पाय सरळ करणं, खांदे फिरवणं, एवढंच. २०१६ च्या उन्हाळ्यात मिरजेहून रेल्वेने पाणी आलं, त्या वर्षी घागरी वाहून आमचा भरपूर व्यायाम झाला होता, आणि धुवायला पाणी नाही म्हणून पालेभाजी मात्र घरातून हद्दपार झाली होती. तसला व्यायाम पुन्हा नको.

आता भाजी आधी वाढते, भाकरी नंतर. ह्यांचे चहा पाचावरून दोनावर आले, साखर अर्धा चमचा. माझा मागचा आकडा ६.८. घास अजून कधी तीस होतात.

येत्या वेळ अमावास्येला नांदेडच्या वन्सं येणार आहेत. आपल्या भागातली भज्जी वर्षातला सगळ्यात मोठा भाजीचा दिवस: वालाचे, तुरीचे, मटाराचे ओले दाणे, हरभरा, मेथी, चाकवत, जे शेतात असेल ते सगळं एका पातेल्यात. इतर घरांत तिला ताक-बेसन लावतात. द्विदल म्हणून आम्ही ताक घालत नाही, चिंच घालतो. पानचिंचोलीच्या चिंचेला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, कास्तीच्या कोथिंबिरीलाही. वन्संना सांगून ठेवलंय, या वेळी केळीचा घड नको, दोन फण्या पुरेत.